‘शिफारस नाही, म्हणजे कायदा रद्द’: त्या फॉरवर्डमधलं काय खरं आणि काय चूक

विधेयकं, खर्च आणि राज्यपाल यांच्यावरचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. थोडक्यात तो असं सांगतो: ‘घटनेच्या कलम २०७ प्रमाणे पैसा लागणाऱ्या प्रत्येक विधेयकाला राज्यपालांची शिफारस आणि वित्तीय ज्ञापन (विधेयकामुळे किती खर्च येईल ते सांगणारं टिपण) लागतं. ते नसेल तर झालेला कायदा जन्मापासून रद्द, कुणीही नागरिक हायकोर्टात जाऊन पाडू शकतो. म्हणून सरकार काहीही धन विधेयक (फक्त कर, कर्ज, सरकारी निधी अशा विषयांचं विधेयक) ठरवतं, कारण मग विधानसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम, कोर्टालाही हात लावता येत नाही आणि विधान परिषदेचं तोंड बंद. आणि राज्यपालांनी शिफारसच दिली नाही तर सरकार काही करू शकत नाही, खरी चावी राजभवनात.’

शेअर करणारी बहुतेक मंडळी मनापासून करतायत, एखाद्या कायद्याविरुद्ध लढतायत आणि त्यांना वाटतंय की हे हत्यार आपल्या हाती लागलं. पण हे वाचून कुणी सहा महिने कोर्टाच्या तारखांवर घालवले आणि सभागृहात हरकत घ्यायची वेळ हातची गेली तर नुकसान त्याच लोकांचं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, ‘पैसा लागणाऱ्या प्रत्येक विधेयकाला शिफारस’. कलम २०७ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेसेजने त्यांची खिचडी केलीय. पोटकलम (१) कर लावणं, सरकारने कर्ज काढणं, एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, पैसे काढणं असल्या विषयांचं आहे, त्यात राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक मांडताच येत नाही आणि ते विधान परिषदेत आधी आणता येत नाही. पोटकलम (३) वेगळं. विधेयक कशाचंही असो, शाळांचं, आरोग्याचं, आयोग नेमण्याचं, ते कायदा झाल्यावर एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर राज्यपालांनी ते विचारात घ्यायची शिफारस केल्याशिवाय सभागृहाने ते पास करायचं नाही. मांडायला बंदी नाही, पास करायला आहे. म्हणजे एखादं विधेयक सोमवारी शिफारशीविना मांडलं म्हणून लगेच घटनाभंग झाला असं ओरडण्यात अर्थ नाही, ते कुठल्या पोटकलमात बसतं हे आधी बघावं लागतं. शिवाय दंड, लायसन्स फी, सेवेचं शुल्क, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने लावायचे स्थानिक कर, एवढ्यावरून विधेयक पोटकलम (१) मध्ये जात नाही, हे पोटकलम (२) मध्ये स्पष्ट लिहिलंय. आणि कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती सुचवायला शिफारस लागतच नाही, ही सूट विरोधी आमदारांच्या खूप कामाची आहे.

आता वित्तीय ज्ञापन. हा शब्द घटनेत कुठेच नाही! तो सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांतला आहे. लोकसभेचा नियम ६९ बघा: खर्च लागणाऱ्या विधेयकासोबत ज्ञापन हवं, कुठल्या खंडामुळे खर्च येतो ते दाखवायला हवं, आवर्ती (पुन्हा पुन्हा येणाऱ्या) आणि अनावर्ती (एकदाच येणाऱ्या) खर्चाचा अंदाज हवा, आणि ते खंड विधेयकात ठळक किंवा तिरप्या टायपात छापायचे. राज्यांच्या नियमांतही साधारण याच धर्तीची तरतूद असते. घटनेची अट वेगळी, नियमाची अट वेगळी, आणि मोडल्यावर काय होतं तेही वेगळं.

दुसरं, ‘कायदा जन्मापासून रद्द’. हा या मेसेजचा कणा आहे आणि तोच चूक आहे. कलम २५५ कुणी उघडून बघितलेलं दिसत नाही. ते सांगतं की घटनेनुसार लागणारी शिफारस किंवा पूर्वमंजुरी घेतली नव्हती एवढ्याच कारणाने कायदा अवैध ठरत नाही, जर नंतर त्याला योग्य ती अनुमती मिळाली असेल. शिफारस राज्यपालांची हवी होती आणि शेवटी विधेयकावर अनुमतीची सही राज्यपालांनी किंवा राष्ट्रपतींनी केली, की संपलं. कलमाचं शीर्षकच सांगतं की शिफारशी आणि पूर्वमंजुरीच्या अटी या केवळ कार्यपद्धतीच्या बाबी समजायच्या. ज्ञापन तर नियमातलं, ते अपुरं होतं किंवा नव्हतंच, तर त्यावर कलम २१२ येतं: कार्यपद्धतीतल्या कथित अनियमिततेच्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाच्या वैधतेला आव्हान देता येत नाही. हो, सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये राजाराम पाल प्रकरणात सांगितलं की नुसती अनियमितता वेगळी आणि घटनेचं उल्लंघन किंवा मूळचीच बेकायदेशीर गोष्ट वेगळी, दुसऱ्या बाबतीत कोर्ट बघू शकतं. पण ‘ज्ञापनात आकडा नव्हता’ एवढ्या एका मुद्द्यावर कायदा पाडायचा म्हटलं तर पुढे २५५ आणि २१२ या दोन भिंती आहेत. मूलभूत हक्क, अधिकारक्षेत्र, केंद्राच्या कायद्याशी विसंगती, असलं काही हातात असेल तर जरूर कोर्टात जा, तो वेगळा विषय.

मग ही अट कागदापुरतीच का? अजिबात नाही, आणि इथेच मला जास्त बोलायचंय. ही अट सभागृहात जिवंत असते, विधेयक पास होईपर्यंत. तोवर कुणीही सदस्य उठून हरकतीचा मुद्दा घेऊ शकतो की अध्यक्ष महाराज, या विधेयकाच्या अमुक खंडात खर्च आहे, शिफारस कुठे आहे, ज्ञापन कुठे आहे, आणि अध्यक्षांना त्यावर निर्णय द्यावा लागतो. हे किती जोरात लागू शकतं ते दिल्लीत १४ फेब्रुवारी २०१४ ला दिसलं. केजरीवाल सरकारला जनलोकपाल विधेयक मांडायचं होतं, नायब राज्यपाल नजीब जंग यांनी विधानसभेला कळवलं की हे वित्तीय स्वरूपाचं आहे आणि माझी शिफारस घेतलेली नाही, अध्यक्षांनी ते पत्र सभागृहात वाचून दाखवलं, गोंधळ झाला, आणि विधेयक मांडायचं का यावर मत घेतल्यावर २७ बाजूने आणि ४२ विरोधात पडले. त्याच संध्याकाळी केजरीवालांनी राजीनामा दिला. दिल्ली पूर्ण राज्य नाही, तिथे १९९१ च्या दिल्ली सरकारविषयक कायद्याचं कलम २२ लागतं, पण त्याचा साचा कलम २०७ चाच आहे. त्या दिवशी केंद्राच्या पूर्वमंजुरीचाही वाद होता आणि राजकारण तर होतंच, पण शिफारशीचा मुद्दा सभागृहात, वेळेवर, विधेयक आत यायच्या आधी उभा राहिला म्हणून त्याला वजन आलं. तेच विधेयक पास होऊन त्यावर सही झाली असती आणि मग कुणी शिफारस नव्हती म्हणून कोर्टात गेलं असतं तर गोष्ट फार अवघड होती.

तिसरं, ‘धन विधेयक म्हटलं की अध्यक्षांचा निर्णय अंतिम, कोर्टालाही हात लावता येत नाही’. कलम १९९(३) मध्ये ‘अंतिम’ हा शब्द आहे हे खरं. २०१४ मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हीच लाईन घेतली होती, तिथे लोकायुक्तांची मुदत सहावरून आठ वर्षं करणारं विधेयक धन विधेयक म्हणून पास झालं होतं (लोकायुक्तांची मुदत आणि धन विधेयक, संबंध काय ते मला आजही पटलेलं नाही) आणि कोर्ट म्हणालं की अध्यक्षांचा निर्णय अंतिम आहे, ही कार्यपद्धतीची बाब आहे, आम्ही त्यात जाणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याची माहिती बहुधा इथेच थांबलीय. पुढे २०१८ मध्ये आधारचा निकाल आला, बहुमताने तो कायदा धन विधेयक म्हणून टिकवला पण तपासून टिकवला, आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी भिन्नमत देताना असा मार्ग घेणं ही घटनेशी फसवणूक आहे असं म्हटलं. नंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये रॉजर मॅथ्यू प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने धन विधेयक नेमकं कशाला म्हणायचं, कलमातल्या ‘फक्त’ या शब्दाला किती वजन द्यायचं, हा प्रश्न सात न्यायाधीशांकडे सोपवला. तेव्हा ‘कोर्ट बघूच शकत नाही’ हे आज कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते जुनं आहे. गंमत म्हणजे एकाच मेसेजमध्ये कोर्ट ज्ञापनासाठी कायदा पाडू शकतं आणि धन विधेयकाला हात लावू शकत नाही असं दोन्ही लिहिलंय, आणि प्रत्यक्षात कोर्टाचं दार दुसऱ्या बाबतीत जास्त उघडं आहे.

आणि पैसा लागतो म्हणून विधेयक धन विधेयक होत नाही. त्यात कर, कर्ज, निधी वगैरे १९९(१) मधलेच विषय ‘फक्त’ असायला हवेत. समजा उद्या एक प्राधिकरण स्थापन करायचं विधेयक आलं: खंड ३ मध्ये अध्यक्ष आणि दोन सदस्य, खंड ५ मध्ये कर्मचारी, खंड १२ मध्ये लोकांवर बंधनं, खंड २० मध्ये शिक्षा. ३ आणि ५ मुळे पगार द्यावे लागणार म्हणून ज्ञापन हवं आणि २०७(३) ची शिफारस हवी, पण १२ आणि २० मुळे ते धन विधेयक होणं शक्य नाही. आता त्याच विधेयकाच्या ज्ञापनात ‘एकत्रित निधीतून आवर्ती किंवा अनावर्ती खर्च करावा लागेल अशी कोणतीही तरतूद नाही’ असं ठराविक वाक्य छापलेलं असेल तर आमदाराने खंड ३ वर बोट ठेवून विचारायला हवं की मग प्राधिकरणाच्या अध्यक्षांचा पगार कुठून.

चौथं, ‘परिषदेचं तोंड बंद’. राज्यसभेची गोष्ट उचलून इथे चिकटवलीय. साधं विधेयक राज्यसभेने अडवलं तर संयुक्त बैठकीचा घाट घालावा लागतो, राज्यात तसं काही नाही. कलम १९७ प्रमाणे साधं विधेयकसुद्धा परिषद पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पास केल्यावर एक महिना, एवढंच लांबवू शकते, त्यानंतर विधानसभेचं म्हणणं चालतं. धन विधेयकात ही मुदत १४ दिवस. म्हणजे फरक १४ दिवस आणि साधारण चार महिने यातला आहे, तो छोटा नाही पण तोंड बंद करण्याइतकाही नाही, आपल्या महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत १४ दिवसांत चर्चा होऊ शकते, शिफारशी करता येतात. गोव्यात तर परिषदच नाही, ४० जणांचं एकच सभागृह, तिथे हा मुद्दा लागूच होत नाही. तिथे धन विधेयकाचा खरा परिणाम वेगळाच: कलम २०० प्रमाणे राज्यपालांना ते फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. हा मुद्दा सगळ्याच राज्यांना लागू आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

पाचवं, ‘चावी राजभवनात’. घटनेत शिफारस राज्यपालांची म्हटलीय, पण राज्यपाल ठरावीक बाबी सोडल्या तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे १९७४ च्या शमशेर सिंग निकालापासून पक्कं आहे. शिफारशीची अट मुळात आहे ती सरकारच्या हातात तिजोरी राहावी म्हणून, कुठल्याही आमदाराने उठून खर्च लादू नये म्हणून. राज्यपालांच्या मर्जीसाठी ती बनवलेली नाही. पण गैरवापर होतो हे मान्य. पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल बनवारीलाल पुरोहित यांनी तीन धन विधेयकांना मांडण्यापूर्वीची संमती नाकारली, कारण त्यांच्या मते ते सत्रच बेकायदेशीर होतं, आणि २० ऑक्टोबरला मान सरकारने बैठक अर्ध्यावर गुंडाळून सुप्रीम कोर्टाचा रस्ता धरला. १० नोव्हेंबरला कोर्टाने सांगितलं की सत्राच्या वैधतेवर शंका घेणं हा राज्यपालांचा मार्ग नाही. म्हणजे अडवाअडवी झाली, पण ‘सरकार काही करू शकत नाही’ हे चूक ठरलं.

ही अट खरी जाचते ती अशासकीय, म्हणजे सरकारची नसलेली, विधेयकं आणणाऱ्या आमदारांना. सरकारची इच्छा नसेल तर शिफारस येत नाही आणि चांगलं विधेयक मतदानापर्यंत जातच नाही, याबद्दल जरूर बोला. आणि दुसरी तक्रार त्याहून मोठी: ज्ञापनातला आकडा लिहितो कोण? ज्या विभागाला विधेयक पास करून हवंय तोच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचं स्वतःचं लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्ट ऑफिस १९४१ पासून आहे, टेक्सासमध्ये विधेयकांच्या खर्चाची टिपणं लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्ड करतं. आपल्याकडे आमदाराकडे विभागाच्या आकड्याशी ताडून बघायला दुसरा आकडाच नसतो. तसा दुसरा आकडा देणारी यंत्रणा विधिमंडळात हवी, ही मागणी फॉरवर्ड करा, मी पण करतो.

तोवर पुढचं विधेयक आलं की त्याची प्रत डाउनलोड करा, शेवटून वाचायला घ्या, उद्देश व कारणांच्या निवेदनानंतर वित्तीय ज्ञापन आहे का बघा, पगार, कार्यालय, अनुदान असे शब्द असलेल्या खंडांवर खुणा करा, ज्ञापनाशी ताडून बघा, आणि जुळत नसेल तर ती दोन पानं आपल्या आमदाराला विधेयक चर्चेला यायच्या आदल्या दिवशीपर्यंत पोचवा.