लॉन कापायचे किती घ्यावेत? आधी आकडा सांगा

माझा भाचा १९ वर्षांचा आहे, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या पावसाळ्यात त्याने साठवलेल्या पैशांतून लॉन कापायचं विजेवरचं मशीन घेतलं आणि जुना पादरा रोड ते मांजलपूर या भागातल्या सहा-सात घरांचं गवत कापायला लागला. काम मन लावून करतो. पैशांचा विषय निघाला की मात्र मान खाली. "काका, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

या वाक्याचा मला राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो समोरून मिळणाऱ्या उत्तराचा. एका बंगल्यात दोन तास घाम गाळल्यावर त्याच्या हातावर १०० रुपये आणि आइस्क्रीमचा कप ठेवला गेला. "आपलाच मुलगा आहे!" त्याच घरात त्याच आठवड्यात एसीवाला आला आणि पाऊण तासात ६०० घेऊन गेला. त्याच्याशी कुणी नातं जोडलं नाही.

माझं अख्खं आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं. म्हणून एका संध्याकाळी त्याला झोपाळ्यावर शेजारी बसवलं आणि वही उघडली. मशीन आणि लांब वायर मिळून १०,८०० रुपये. वर्षाला शंभर वेळा कापणी आणि मशीन तीन वर्षं टिकलं असं धरलं, तर प्रत्येक वेळी ३६ रुपये मशीनचेच झिजतात. पात्याला धार लावायचे १०, अॅक्टिव्हाच्या पेट्रोलचे १५. म्हणजे घरातून निघतानाच ६१ रुपये खर्ची पडलेले. वीज घरमालकाची, पण ती किती? १२०० वॉटचं मशीन ४० मिनिटं चाललं तर ०.८ युनिट.

आता वेळ. ५०० चौरस फुटांचं लॉन कापायला ४० मिनिटं, कात्रीने कडा नीट करायला २०, गवत गोळा करायला १५, वायर गुंडाळून मशीन पुसायला १५, जाण्यायेण्याला २०. एकूण ११० मिनिटं. लोकांना दिसतात ती फक्त पहिली ४०. त्या १०० रुपयांतून त्याच्याकडे उरले ३९!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ५०० चौरस फुटांना ३५० रुपये. खर्च वजा जाता तासाला दीडशेच्या आसपास पडतात, आणि मशीन स्वतःचं असलेल्या, काम शिकलेल्या मुलासाठी हे जास्त नाहीत. लॉन लहान-मोठं असेल तर त्या हिशेबाने कमी-जास्त करावेत. तासावर मात्र घेऊ नयेत, कारण हात बसल्यावर काम लवकर उरकतं आणि चांगलं काम करणाऱ्यालाच तोटा होतो. महिनाभर न कापलेलं, गुडघ्यापर्यंत वाढलेलं गवत असेल तर पहिल्या वेळी दुप्पट. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर ते पिवळं पडतं, म्हणून अशा ठिकाणी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा यावं लागतं. शिवाय आपल्या वडोदऱ्यात पावसाळ्यात उंच गवतात काय निघेल सांगता येत नाही. जाड बूट हवेतच, आणि तेही त्याच्याच खर्चाने.

ओल्या गवतावर मशीन चालवायला तर त्याने ठाम नकार द्यावा. गवताचे गोळे होतात, पातं अडकतं, आणि विजेची वायर ओल्यात पसरणं म्हणजे जिवाशी खेळ. "पाहुणे येणार आहेत रे, आजच कर" असं म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

काही जण म्हणतात, विद्यार्थी आहे, घरचं खातो, त्याला कशाला एवढे? इथे मला माळीकाका आठवतात. आमच्या सोसायटीतल्या चार घरांची बाग बघून त्यांचं घर चालतं. घरचं खाणारा मुलगा १०० रुपयांत लॉन कापू लागला, तर लोक माळीकाकांनाही "तो मुलगा तर शंभरात करतो" असं ऐकवणार. स्वस्तात काम करणं म्हणजे चांगुलपणा, असं मला अजिबात वाटत नाही. त्यात दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो.

सवलत द्यायची तर जरूर द्यावी. त्याच्या गिऱ्हाइकांत एकट्या राहणाऱ्या एक आजी आहेत, त्यांच्याकडे तो काही घेत नाही. मला ते फार आवडलं. पण तिथेही मी त्याला म्हटलं, "आजी, एरवी ३५० घेतो, तुमच्याकडून नाही" असं बोलून दाखव. कामाची किंमत त्यांनाही कळू दे, आणि तुलाही.

आता तो मशीन स्कूटरवरून उतरवायच्या आधी लॉन पावलांनी मोजतो आणि आकडा सांगतो. दोन घरं सुटली, एक नवीन मिळालं. गेल्या रविवारी आमच्याकडे आला, अंगणातलं गवत मोजलं, जरा घुटमळला आणि म्हणाला, "मावशी, २५०." मी कापणी सुरू व्हायच्या आधीच पैसे काढून ठेवले.