रानकोंबड्याच्या पिसाशिवाय ट्राउट लागत नाही, हे साफ खोटं आहे

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, पिसांचे पैसे पाठवू का? तो माणूस म्हणतोय दोनच पुडकी राहिलीत." कसली पिसं विचारलं, तर त्याने व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मेसेज मला पाठवला, 'ट्राउट पकडण्याचे पाच गुरुमंत्र'. दुसऱ्या दिवशी तोच आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी जुन्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला. पोरगा ऑक्टोबरात हिमाचलला, तीर्थन खोऱ्यात चाललाय, फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-तार बांधून केलेल्या खोट्या किड्याने, ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायची त्याची पहिलीच वेळ. मी नोकरीपायी सहा वर्षं कुल्लूत काढली, फ्लाय बांधायला तिथेच शिकलो. हे वाचून गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: रानकोंबड्याच्या मानेची पिसं लावलेली फ्लायच ट्राउट घेतो. गळाचा नंबर मोठा तेवढा गळ मोठा, म्हणून मोठ्या माशाला 18 नंबर घ्या. एकच रंगीत फ्लाय बारा महिने चालते. डिसेंबर-जानेवारीत मासा सुस्त होऊन काठाला येतो, तेव्हाच जा. आणि ट्राउट मूळचा हिमालयातला, उजनीतही सोडला तर जगेल. खाली पिसं विकणाऱ्याचा मोबाइल नंबर.

आधी पिसांचं बोलतो, कारण यात माझा भाचा पैसे घालवून वर गुन्ह्यात अडकला असता. राखाडी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला पक्षी. त्याच्या मानेच्या गडद पिसांवर मेणाचा थेंब वाळल्यासारखे पिवळट पांढरे चकचकीत ठिपके असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लोक सामन माशाच्या फ्लायला डोळा म्हणून ती लावायचे, आणि त्या हौसेपायी इथले पक्षी मारले गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे, आणि अशी पिसं विकणं-घेणं हाही गुन्हाच. तिकडे इंग्लंडात आता हा पक्षी पाळून पिसं काढतात. इथे पुडक्यांत विकायला येतात ती कुठून येतात, हे कुणी सांगायला नको. मोराचं वेगळं. त्याची आपोआप गळलेली पिसं देशात बाळगता येतात, आणि त्यांचे हिरवट तंतू फ्लायच्या अंगाला खरोखर चांगले. तेवढं एक पीस पंढरपुरात सहज मिळतं.

पण माशाला ते डोळे लागतात का? इंग्लंडात एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीराखे होते. आयुष्य त्या काठावर गेलं. त्यांची सगळ्यात गाजलेली फ्लाय दोनच वस्तूंची, फेझंट या कोंबडीवर्गातल्या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या शेपटीचे तपकिरी तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरासुद्धा नाही, तारच दोऱ्याचं काम करते आणि वजनही देते. पायांसाठी पीस लावलेलं नाही, कारण पाण्यात पोहणारी अळी पाय अंगाला चिकटवून पोहते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 1958 साली पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय. ती फ्लाय आजही जगभर चालते. फेझंटच्या जागी मी गावठी कोंबडीच्या शेपटीचं तपकिरी पीस वापरतो, आणि तार अक्कलकोट रोडवरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणतो. ट्राउटने त्यावरून मला कधी नाकारलं नाही. ठिपक्यांची पिसं माणसाच्या डोळ्याला भुरळ घालतात, माशाला नाही.

गळाच्या नंबराचं तर सोलापुरात कुणाला समजावावं लागू नये. वीस नंबरचं सूत जाड, चाळीसचं बारीक, नंबर चढला की सूत उतरलं. गळाचंही तसंच. 10 मोठा, 18 इवलासा.

एकच फ्लाय बारा महिने, यात अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. सॉयर यांची ती तपकिरी फ्लाय वर्षातले बरेच दिवस भागवते. पण ती रंगीत नाही, आणि कधी, किती खोल, कुठल्या नंबराची हे नदी ठरवते. तीर्थनच्या पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. खाली चपट्या, शेपटीला दोन-तीन केस असलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतील, शेजारी वाळूच्या कणांची बोटाच्या पेराएवढी नळकांडी. ट्राउटचं खाणं बहुतेक हेच. अळी महिनोन् महिने पाण्याखाली राहते आणि पंख फुटल्यावर एखादा-दुसरा दिवस जगते. म्हणून मार्च-एप्रिलच्या गार पाण्यात वजनदार फ्लाय तळाशी. मे-जूनला बर्फ वितळून पाणी दुधाळ होतं, तेव्हा मोठी, गडद, काठालगत. जुलै-ऑगस्टच्या पावसात घरी बसलेलं बरं. सप्टेंबर-ऑक्टोबरला पाणी काचेसारखं होतं आणि मासा बुजतो. तेव्हा 16-18 नंबर, बारीक तंगूस (नायलॉनचा दोर), आणि दुपारच्या उन्हात पंख फुटलेले किडे उडायला लागले की तरंगती फ्लाय.

आता डिसेंबर. हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी आहे. मासा सुस्त होऊन काठाला येत नाही, तो अंडी घालायला उथळ खडीत येतो. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी सोडते. त्या वेळी तिला धरायला सांगणाऱ्याला मासेमारीतलं काही कळत नाही. आणि भाचा तिकीट पुढे ढकलायच्या बेतात होता!

शेवटचा मंत्र दोन ओळींत. ब्राऊन ट्राउट विलायतेचा, 1900 साली काश्मीरात आणला, तिथून 1909 ला कुल्लूत. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो खाणं टाकतो आणि पंचवीस अंशांपुढे फार टिकत नाही. उजनीत चिलापीच बरी.

रविवारी भाचा घरी आला. टेबलाला छोटा व्हाइस (गळ घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) लावला, त्यात 16 नंबरचा गळ धरला. पहिल्यांदा तार सैल बसली, दुसऱ्यांदा तंतू तुटले. तिसऱ्यांदा तार आणि तंतूंना एकत्र पीळ देऊन त्याने पुढपर्यंत नेलं, पाठीवर घडी घातली आणि शेवट आवळला. पातेल्यातल्या पाण्यात टाकली, सरळ तळाला गेली. तिकीट ऑक्टोबरचंच आहे. त्या मोबाइल नंबरची तक्रार त्याने वनविभागाच्या 1926 वर केली. ज्या ज्या ग्रुपवर मेसेज आलाय तिथल्यांनीही करावी, आणि कुणी पैसे पाठवले असतील तर पुडकं घरात ठेवू नये.