देवाकडं लक्ष जाऊ नये म्हणून काही खात्रीचे उपाय

देवावर एकदा मन बसलं की माणूस कामातनं जातो, तेव्हा बेळगाव-खानापूरकडल्या तमाम मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींनी वेळीच सावध व्हावं. सकाळी उठल्या उठल्या बायबल उघडायची घाई नको, आधी मोबाईल. कुणीतरी फुलाच्या फोटोवर पाठवलेलं वचन तसंच पुढच्या चार ग्रुपवर ढकला, वाचू मात्र नका, वाचलं की गुंतायला होतंय.

बहाणे लागतात त्यांनी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय बघावा. मोठ्या जेवणाचं आमंत्रण टाळणारे तिघं आहेत तिथं, एकानं शेत घेतलंय ते बघायला जायचंय म्हणतो (न बघताच घेतलं वाटतं, आमच्याकडं पण असतात असले), दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. दोन हजार वर्षं होत आली तरी तिन्ही बहाणे झकास चालतात, शेताच्या जागी खानापूर रोडचा एनए प्लॉट घाला, बैलांच्या जागी हप्त्यावरची गाडी, आणि लग्न काय, मे महिन्यात कुणाचं ना कुणाचं असतंयच की. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत असं पाळकसाहेब सांगायला लागले तर मान डोलवा आणि मनात म्हणा, पाखरांना भिशी भरायची नसते.

पण घरात बसून देवाला टाळणं हे कच्च्या माणसाचं काम हो. पक्का माणूस चर्चमध्ये जाऊन टाळतो. कमिटीत शिरा. मग पंखे कुठल्या कंपनीचे, नाताळच्या जेवणात मटण की चिकन, मराठी उपासना आधी की कन्नड, गेल्या वर्षीचा मंडपाचा हिशोब कुणी दाबला, यातच इतकं डोकं तापतं की उपदेश चालू असताना पण तुमचं लक्ष खजिनदाराच्या मानेवर. येशू घरी आला तेव्हा मार्थेची कामाची धावपळ चाललेली, तिला प्रभूनं स्वतः हटकलं, कमिटीवाल्याला कोण हटकणार, उलट डिसेंबरात त्याचा सत्कार होतो.

आणि 1 नोव्हेंबर तर वायाच घालवू नका. सर्व संतांचा दिवस तोच, कर्नाटकाचा राज्योत्सव तोच आणि 1956 पासून आपला काळा दिवस पण तोच. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात हा सीमाप्रश्न खराच आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, त्यावर बोलूच नये असं मी म्हणत नाही. पण दिवसभर झेंडे, घोषणा, स्टेटस आणि कन्नडवाल्या शेजाऱ्याशी, जो रविवारी आपल्याच चर्चमध्ये पुढच्या उपासनेला बसतो त्याच्याशी, तोंड फिरवून झालं की संतांची आठवण यायला जागा उरतेच कुठं. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा 2 तारखेपासून पाळता येते.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचं, काय झालं माहीत आहे ना, पाण्यावर बरा चालत होता, वाऱ्याकडं बघितलं आणि लागला बुडायला. आपल्याला तो धोका नाही, आपण होडीतनं उतरतच नाही.

एवढं करूनही कधी प्रार्थना करावीशी वाटलीच तर खोलीत जाऊन दार लावून घ्या असं प्रभूनं सांगितलंय, जरूर लावा, फक्त आत जाताना चार्जर न्यायला विसरू नका.