४८ मोठा की ४६?

नमस्कार, पॅकेटवर डीएससीपीचा (कुठल्या प्रकारचं पॅकेट ते सांगणारा) आकडा लावणं, म्हणजे मार्किंग, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची कमेंट सडेतोड आहे, आवडली. तुमचे मुद्दे तीन: वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून बघायचं सॉफ्टवेअर) ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो राउटिंग प्रोटोकॉल) पॅकेटवर ४८ नाही तर १९२ दिसतंय, राउटिंगला ४८ आणि व्हॉइसला ४६ दिल्यावर फोनचा आवाज मागे पडणार, आणि माझ्या लेखाप्रमाणे सगळं करूनही तुमचा नेबर, म्हणजे शेजारच्या राउटरशी जुळलेलं ओएसपीएफचं नातं, पडतोच आहे.

१९२ चं सोपंय. तो पॅकेटच्या हेडरमधला अख्खा टीओएस बाइट, आठ बिटांचा, डीएससीपी त्यातले वरचे सहाच, म्हणून ४८ गुणिले ४. दोन्ही बरोबर.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. तो आकडा म्हणजे रांगेतला नंबर नाही हो, पॅकेटला लावलेली नुसती चिठ्ठी आहे. एएफ११ आणि एएफ१३ ही अशाच दोन चिठ्ठ्यांची नावं, पहिली म्हणजे १० आणि दुसरी १४, पण क्यू भरायला लागली की आधी १४ वालं पॅकेट टाकायचं असतं! सीएस१ नावाची चिठ्ठी तर ८, शून्याहून मोठा, आणि काम काय तर बॅकअपबिकअप घेऊन सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. चिठ्ठी वाचून काय करायचं ते राउटरच्या पॉलिसीत आपणच लिहितो: व्हॉइसला प्रायॉरिटी क्यू (सगळ्यांच्या आधी जाणारी रांग), राउटिंगला वेगळी क्यू आणि थोडी बँडविड्थ राखून, बास. ओएसपीएफचा दहा सेकंदाला एक हॅलो, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ एवढा निरोप, तो कुणाला काय अडवणार.

तिसऱ्यात चूक माझीच. मार्किंग केलं की झालं असं वाटावं अशा पद्धतीनं मी लिहिलंय, आणि सिस्कोचा राउटर तर ओएसपीएफला ४८ स्वतःहूनच लावतो. भोसरीतल्या एका कारखान्यात मी स्वतः यावर दोन रात्री घालवल्यात, दोन शेडमध्ये वायरलेस रेडिओ, सीसीटीव्हीचं फुटेज कॉपी व्हायला लागलं की ४० सेकंदांचा डेड टायमर (तेवढ्यात हॅलो आला नाही तर नेबर गेला असं धरायचं) संपून नेबर डाउन, पॉलिसी लावलेली, काउंटर बघितले तर ड्रॉप शून्य! राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएस, रेडिओतून खरे जायचे २०, म्हणजे गर्दी व्हायची ती रेडिओच्या बफरमध्ये, आणि त्या रेडिओला आमच्या ४८ चं काही देणंघेणं नव्हतं. राउटरवर १८ चा शेपर (बाहेर जाणारा वेग १८ एमबीपीएसवर रोखणारी सेटिंग) लावला आणि क्यूची पॉलिसी त्याच्या पोटात घातली, तेव्हा गर्दी राउटरवर आली आणि नेबर टिकला.

तुमच्याकडे मध्ये रेडिओ किंवा मॉडेम आहे का? असेल तर त्याचा खरा स्पीड मोजा आणि कॉन्फिग इथं टाका, आयपी तेवढे झाका.