सर्व्हिसच्या नावाखाली चाललेली पार्टविक्री

कुकरची रिंग सैल झाली की कडेने वाफ निघते आणि शिट्टी होत नाही, मिक्सरचा कपलर झिजला की मोटर नुसती गुरगुरते आणि पाते जागचे हलत नाही, शेगडीच्या बर्नरची भोके बुजली की ज्योत पिवळी पडून भांड्यांची बुडे काळी होतात. स्वयंपाकघरातली बहुतेक उपकरणे आपले दुखणे स्वतःच सांगतात. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र तेवढे मुके आहे. त्यातून येणारे पाणी बिघाडापूर्वीही स्वच्छ दिसते आणि बिघाडानंतरही स्वच्छच दिसते, त्यामुळे त्याच्या पोटात काय चालले आहे हे सांगण्याचा मक्ता कंपनीने आपल्याकडे ठेवला आहे. हा मक्ता गेली काही वर्षे ज्या निर्लज्जपणे वापरला जातो आहे, तो पाहून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सुरुवात होते ती लाल दिव्यापासून. दिवा लुकलुकू लागला की घरातल्या सगळ्यांना वाटते, यंत्राने पाणी तपासले आणि धोक्याची सूचना दिली. आमच्या यंत्रात, आणि बाजारातल्या कित्येक यंत्रांत, तो दिवा पाणी तपासतच नाही. तो फक्त तास किंवा लिटर मोजतो आणि ठरलेला आकडा आला की पेटतो. आत गाळणी कोरी करकरीत असली तरी तो पेटेल, आणि पावसाळ्याच्या पहिल्या गढूळ पाण्याने ती आठवड्यात चिखलाने भरली तरी मुदत येईपर्यंत तो हिरवाच राहील. हे माहितीपत्रकात कुठे ठळक अक्षरांत लिहिलेले नाही. लिहिले असते तर दिवा पेटल्याबरोबर घाबरून फोन करणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली असती.

फोन केला की तक्रार क्रमांक मिळतो, त्यानंतर कोणीही आलेले नसताना 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा संदेश येतो, मग पुन्हा फोन, पुन्हा क्रमांक. अखेर एक मुलगा येतो. तो दारातच 'मॅडम, हॅपी कोड आला असेल बघा' म्हणतो, म्हणजे काम सुरू होण्याआधीच काम समाधानकारक झाल्याची पावती त्याला हवी असते. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याला किती फिल्टर आणि किती करार खपवायचे याचे टार्गेट असते, पेट्रोल स्वतःचे असते, आणि माझ्याकडून पाच तारे मिळाले नाहीत तर वरून बोलणी खावी लागतात. माझा राग आहे तो एका तंत्रज्ञाला विक्रेता करून माझ्या स्वयंपाकघरात पाठवणाऱ्यांवर.

गेल्या उन्हाळ्यात झाले ते असे. आमची सोसायटी पुण्यात आहे, वर्षातले बरेच महिने महापालिकेचे पाणी येते आणि त्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शंभरच्या आसपास असतो. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात सुरू झाली की टँकर येतात, टँकरमध्ये बोअरचे पाणी असते, आणि मग मीटरवरचा आकडा सहाशेच्या वर जातो. त्या मुलाने खिशातला पेनाएवढा मीटर काढला, नळाच्या पाण्यात बुडवला, 640 आले. यंत्राच्या पाण्यात बुडवला, 210 आले. त्याने मान हलवली आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना काढतात तसा आवाज काढून सांगितले, 'मेम्ब्रेन गेली आहे, मॅडम. असे पाणी लहान मुलांना देऊ नका.' मेम्ब्रेन म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा यंत्रातला पडदा. तिची किंमत त्याने जी सांगितली, तीत दुकानातून तीन मेम्ब्रेन आल्या असत्या.

तळमजल्यावरचे काका निवृत्तीपर्यंत एका कारखान्यात पाणी शुद्धीकरणाचा विभाग पाहत होते. त्यांनी यंत्राचे झाकण काढले आणि पांढऱ्या नळीवर बसवलेला बोटाच्या पेराएवढा एक प्लॅस्टिकचा स्क्रू दाखवला. आरओ केलेल्या, म्हणजे मेम्ब्रेनमधून दाबाने गाळलेल्या, पाण्यातले क्षार फार कमी झाले तर ते बेचव लागते, म्हणून मेम्ब्रेनमधून न गेलेले थोडे पाणी त्यात मिसळण्याची सोय या स्क्रूने केलेली असते. काकांनी तो बंद करण्याच्या दिशेने फिरवला, टाकी रिकामी करून पुन्हा भरू दिली आणि मीटर लावला. आकडा पन्नासवर आला. 640 चे 50 करणारी मेम्ब्रेन नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार अडवते आहे, म्हणजे ती ठणठणीत आहे. महापालिकेच्या पाण्यासाठी उघडलेला स्क्रू टँकरच्या पाण्यासाठी बंद करायचा, एवढेच काम होते. हे त्या मुलाला माहीत नव्हते की माहीत असून सांगायचे नव्हते, याचा निवाडा मी करत नाही. पण मेम्ब्रेन बदलल्यावर हाच स्क्रू बंद करून 'बघा, नवीन मेम्ब्रेनने आकडा कसा उतरला' असे दाखवणे किती सोपे आहे, हे लक्षात आल्यापासून माझी झोप उडाली आहे.

आणि त्या टीडीएसचे तरी किती स्तोम माजवावे! टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे, मुख्यतः क्षारांचे, एकूण प्रमाण. तो खिशातला मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. पाण्यात कावीळ किंवा हगवण पसरवणारे जंतू असले तरी आकडा हलत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतला आहे. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते की जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओ यंत्रांवर बंदी आणावी, आणि जिथे ती वापरू दिली जातील तिथे किमान 60 टक्के पाणी वापरण्याजोगे मिळाले पाहिजे. आज घराघरांतल्या यंत्रांकडे पाहावे. एक लिटर पिण्याचे पाणी मिळवायला साधारण तीन लिटर पाणी मागच्या नळीतून मोरीत जाते आणि धरणातल्या चांगल्या पाण्याचेही हेच होते. ज्या गावांत, उपनगरांत बारा महिने बोअरच्या खाऱ्या पाण्यावर दिवस काढावे लागतात तिथे आरओ ही गरज आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण नळाला शंभर टीडीएसचे पाणी असलेल्या घरात जाऊन 'मॅडम, शंभर म्हणजे खूप आहे, वीसवर आणू' म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

फसवणुकीचा कळस म्हणजे ते दोन ग्लासांचे प्रात्यक्षिक. शेजारच्या विंगमध्ये एक विक्रेता ते करून गेला आणि काकू दोन दिवस पाणी उकळून पीत होत्या. एका ग्लासात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे, दोन्हीत धातूच्या दांड्यांची जोडी बुडवायची आणि वीज सोडायची. मिनिटा-दोन मिनिटांत नळाच्या पाण्यावर तपकिरी-हिरवट गाळ तरंगू लागतो आणि आरओचे पाणी जवळजवळ तसेच राहते. बघणाऱ्याच्या पोटात ढवळते. तो गाळ पाण्यातला नसतो, दांडीतला असतो. एक दांडी लोखंडाची असते, वीज वाहिली की तिचे लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंज होतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने ती फारशी वाहतच नाही. विक्रेत्याच्या डोळ्यांदेखत त्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे आणि वीज पुन्हा सोडायला सांगावे. तेही तसेच तपकिरी होते. शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग दाखवून आयाबायांना घाबरवायचे आणि वर त्यालाच 'पाण्याची मोफत तपासणी' म्हणायचे, याला कोणी हरकत कशी घेत नाही?

आता वार्षिक कराराकडे येते. चार-पाच हजार रुपये घेऊन दिलेल्या त्या कागदावर 'सर्वसमावेशक' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अपवाद असतात. आमच्या करारात पंप आहे, अडॅप्टर आहे, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, म्हणजे गाळण्यांच्या मानाने क्वचित बदलावे लागणारे सगळे आहे. गाळ अडवणारी गाळणी, कार्बन आणि मेम्ब्रेन हे भाग 'कन्झ्युमेबल' म्हणून वगळलेले आहेत. म्हणजे जे बदलावे लागणारच आहे ते सोडून बाकी सगळ्याची हमी! पाणी हळू येत असल्याची तक्रार केली तर कारण बहुतेक वेळा पहिल्याच गाळणीत असते. पावसाळ्यात ती पांढरीशुभ्र दोरीची नळी महिन्या-दीड महिन्यात तांबूस-तपकिरी होते, पाणी पुढे जात नाही, पंप आवाज करत राहतो आणि टाकी भरत नाही. ही दहा इंची गाळणी हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांना मिळते. नळाचा कॉक बंद करावा, डब्याला पाना लावून तो उघडावा, जुनी काढून नवी बसवावी, रबरी रिंग जागेवर आहे ना पाहून घट्ट करावे, झाले. कुकरची रिंग बदलणाऱ्या कोणाही माणसाला हे जमते. ते जमू नये म्हणून कंपन्यांनी काय केले? नव्या यंत्रांत गाळणी वेगळी निघतच नाही. आपल्याच आट्यांचे, आपल्याच आकाराचे बंद डबे करून ठेवले आहेत, म्हणजे शंभराच्या दोरीसाठी हजाराचा डबा घ्यायचा. बाहेरचा भाग लावला तर वॉरंटी रद्द, हे तर ठरलेलेच.

सर्वांत जास्त संताप येतो तो जे करायला हवे ते कधीच होत नाही म्हणून. आमच्या यंत्रात जंतू मारण्याची मुख्य भिस्त अतिनील दिव्यावर आहे. हा दिवा निळसर पेटलेला दिसला म्हणजे तो काम करतोच असे नाही. साधारण 8000 तास जळल्यावर त्याच्या अतिनील किरणांचा जोर बराच कमी होतो, दिसणारा उजेड मात्र राहतो, शिवाय काचेच्या नळीवर क्षारांचा थर चढला तर उरलेले किरणही पाण्यापर्यंत नीट पोचत नाहीत. त्याबद्दल विचारले की उत्तर ठरलेले: 'लाइट लागतोय ना, मॅडम?' दुसरी गोष्ट टाकीची. शुद्ध झालेले पाणी ज्या टाकीत साठते तिच्या तळाला आणि कोपऱ्यांत बोट फिरवून पाहावे, बुळबुळीत थर लागतो. क्लोरीन काढून टाकलेले पाणी तिथे तासन् तास साठून राहते, मग थर धरणारच. टाकी रिकामी करून, आतून घासून, निर्जंतुक करून पुन्हा लावण्याला अर्धा तास लागतो. करारातल्या प्रत्येक भेटीत हे व्हावे असे त्या कागदावर छापलेले आहे आणि मी स्वतः मागे लागल्याशिवाय एकदाही ते झालेले नाही, कारण टाकी घासण्यात कोणताही भाग विकला जात नाही. मेम्ब्रेन विकताना मुलांच्या तब्येतीचा कळवळा येतो, आणि ती मुले ज्या टाकीतले पाणी पितात तिच्याकडे ढुंकून पाहायला वेळ नसतो!

सरकारचे म्हणावे तर ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंनाही जागा दिली. पण त्यावर कंपनीने सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी टाकल्या म्हणून माझ्या हातात सुटा भाग येत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की कंपनी मात्र जागी होते, एरवी आठवडा घेणारा मुलगा दुसऱ्या दिवशी हजर होतो, हे खरे आहे. दर वेळी सरकारी दारात जाण्याची पाळी गाळणी बदलण्यासाठी का यावी?

यापुढे माझ्या घरात या अटींवरच सर्व्हिस होईल आणि त्या मी यंत्राच्या बाजूलाच कागदावर लिहून चिकटवल्या आहेत. काम सुरू करण्याआधी नळाच्या पाण्याचा आणि यंत्राच्या पाण्याचा आकडा, मिसळण्याचा स्क्रू बंद ठेवून, पावतीवर लिहायचा. भाग बदलायचा म्हटले तर तो का बदलायचा हे त्याच पावतीवर लिहायचे. टाकी माझ्यासमोर घासायची आणि अतिनील दिवा कधी बसवला ती तारीख मार्करने त्याच्या आवरणावर टाकायची. कोड काम झाल्यावर मिळेल, आधी नाही. आणि बदललेली जुनी मेम्ब्रेन 'कंपनीला परत द्यावी लागते' म्हणून पिशवीत घालून न्यायची नाही. पैसे मी भरलेले आहेत, ती माझ्याकडेच राहील आणि तळमजल्यावरचे काका ती कापून पाहतील.