ओडिसियसची बाजू ओडिसियसच सांगतो

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. सारांश असा: ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध जिंकून निघालेला ओडिसियस, समुद्रदेव पोसायडनच्या रागापायी दहा वर्षं समुद्रात भरकटत राहिला, राक्षसांशी झुंजला. मूर्ख साथीदारांनी घात केला नसता तर कधीच घरी पोचला असता. तिकडे त्याची बायको पेनेलोपी वीस वर्षं रडत वाट बघत बसली. शेवटी तो आला, घर बळकावून बसलेल्या माजोरड्यांना त्याने मारलं आणि दोघं सुखाने नांदू लागली. आणि हो, 'ओडिसी' हे प्राचीन ग्रीक महाकाव्य रचणाऱ्या होमरने हे सगळं आपल्या रामायणावरून उचललं. खाली नेहमीचंच, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

रामायणाचं वाक्य सोडलं तर यातलं काही अगदी सपशेल खोटं नाही, आणि म्हणूनच उत्तर द्यायला हा मजकूर चिवट आहे. माझी तक्रार अशी की तो ओडिसियसच्या वकिलाने लिहिल्यासारखा वाटतो. होमर त्याची बाजू जरूर ऐकवतो, पण त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावाही गाळत नाही.

आधी त्या दहा वर्षांचा हिशेब करू. सात वर्षं तो कॅलिप्सो नावाच्या देवीच्या बेटावर आहे आणि एक वर्ष सर्सी या दुसऱ्या देवीच्या. वाऱ्यांचा राखणदार इओलस याच्याकडे महिनाभर पाहुणचार झाला. सूर्यदेवाच्या बेटावर वारा उलटा म्हणून आणखी एक महिना गेला. आता प्रत्यक्ष पाण्यावरचे दिवस घ्या. वादळात सापडून कमलभक्षकांच्या किनाऱ्याला लागेपर्यंत नऊ, इओलसकडून इथाका या आपल्या बेटाच्या दिशेने दहा, जहाज फुटल्यावर लाकडाला धरून नऊ, कॅलिप्सोकडून निघाल्यावर तराफ्यावर अठरा. कवीने मोजून दिलेले असे सगळे दिवस एकत्र केले तरी बेरीज दोन महिन्यांच्या आसपास थांबते. म्हणजे गडी भरकटला त्याहून अडकला जास्त, आणि तोही दोन देवींच्या घरी.

कॅलिप्सोकडे तो कैदीच होता, हे मान्य. किनाऱ्यावर बसून रोज रडत असे, हे पाचव्या सर्गात स्वच्छ लिहिलं आहे. पण होमर तिथेच हळूच सांगून जातो की ती आता त्याला आवडेनाशी झाली होती. या 'आता'च्या आधी किती वर्षं गेली, ते तो सांगत नाही. सर्सीकडे तर कुणी अडवलंही नव्हतं. वर्षभर मांस आणि गोड दारू झोडून झाल्यावर खलाशीच त्याला बाजूला घेतात आणि म्हणतात की बाबा, आता तरी घरची आठवण काढ. विरहाने झुरणारा नवरा काव्यात आहेच, पण बारा महिने झुरत नव्हता.

"पोसायडनच्या रागापायी" हेही असंच अर्धं. पहिलं मोठं वादळ देवांचा राजा झ्यूस याने पाठवलं, तेव्हा पोसायडनचं आणि ओडिसियसचं काही वाकडंच नव्हतं. शेवटचं जहाज फोडणारी वीज झ्यूसचीच. ट्रॉयला सोबत लढलेला म्हातारा राजा नेस्टर तर सांगतो की ट्रॉयहून निघतानाच अथीना देवी सगळ्या ग्रीकांवर चिडलेली होती. स्वतः पोसायडनने उठवलेलं वादळ काव्यात एकदाच दिसतं, दहाव्या वर्षी, तराफ्यावर. बरं, हा राग आला कुठून? त्याचा मुलगा पॉलिफीमस, एका डोळ्याचा राक्षस, ओडिसियसने आंधळा केला म्हणून. जीव वाचवायला ते करणं भाग होतं, असं म्हणता येईल. पण गुहेत शिरल्यावर खलाशी म्हणत होते की चीज घेऊ, कोकरं घेऊ आणि निघू. हा म्हणाला, थांबा, घरधनी काय भेट देतो बघू. पुढे सुटका झाली, जहाज किनाऱ्यापासून दूर आलं, आंधळा राक्षस आवाजाच्या रोखाने डोंगराचे कडे फेकतो आहे, सोबती गयावया करताहेत की आता तरी गप्प बस, आणि हे महाशय ओरडून सांगतात: तुझा डोळा कुणी फोडला विचारलं तर सांग, नगरं लुटणारा ओडिसियस, लेआर्टीसचा मुलगा, राहणार इथाका. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं. गुहेत असताना स्वतःचं नाव 'कुणी नाही' सांगून वाचलेला माणूस हा! पॉलिफीमस लगेच बापाला हाक मारून शाप मागतो, की हा घरी पोचूच नये, आणि पोचलाच तर उशिरा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरीही पुढे संकटच वाढून ठेवलेलं असावं. शब्दन्‌शब्द खरा होतो. शाप द्यायला पत्ता लागतो, तो ओडिसियसने स्वतः पुरवला.

साथीदारांच्या मूर्खपणाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो मेलेल्यांच्या माथी मारलेला आहे. मजकूर लिहिणाऱ्याचीही पूर्ण चूक नाही. काव्याच्या पहिल्या दहा ओळींतच म्हटलं आहे की सूर्यदेवाची गुरं खाऊन ते आपल्याच अविचाराने मेले. पण ती गुरं खाल्ली एका जहाजातल्या माणसांनी. ट्रॉयहून निघाली होती बारा जहाजं. उरलेली अकरा कुठे गेली?

दहावा सर्ग उघडा. लेस्ट्रिगोनियन नावाच्या नरभक्षक राक्षसांचं बंदर: दोन्ही बाजूंना उभे कडे, चिंचोळं तोंड, आत पाणी इतकं शांत की लाटही उठत नाही. अकरा जहाजं आत जाऊन एकमेकांना लगटून उभी राहतात. ओडिसियस एकटा आपलं जहाज बाहेर, तोंडापाशी खडकाला बांधतो. का, ते तो सांगत नाही. संशय आला असेल तर बाकीच्यांना सांगितलं का नाही, हेही नाही. मग कड्यांवरून धोंडे पडू लागतात, माणसं माशांसारखी भोसकून नेली जातात, आणि हा तलवारीने दोर कापून वल्ही मारायला सांगतो. माणसं किती होती, याचा अंदाज सर्सीच्या बेटावरून बांधता येतो. तिथे उरलेल्या एका जहाजावरच्या लोकांचे दोन गट पाडले तेव्हा एका गटाचा म्होरक्या युरिलोकस याच्या वाट्याला बावीस जण आले, आणि त्याआधी त्या जहाजाचे बाराएक गेलेले होते. म्हणजे एका जहाजावर पन्नासहून जास्त, बारा जहाजांवर सहाशेच्या घरात. त्यातले बहुतेक त्या बंदरात एका दिवसात मेले, आणि त्यांनी सूर्यदेवाच्या गुरांना हातही लावला नव्हता.

इओलसने उलटे वारे बांधून दिलेली थैली खलाशांनी हावरेपणाने उघडली, हे खरं. इथाका इतकी जवळ आली होती की किनाऱ्यावर शेकोट्या पेटवणारी माणसं दिसत होती. पण थैलीत काय आहे हे नऊ दिवसांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि शिडाचा दोर दुसऱ्याच्या हाती न देता नऊ दिवस जागा राहिलेला कप्तान नेमका तेव्हाच झोपला. सिला ही सहा डोक्यांची राक्षसीण सहा माणसं उचलणार, हे सर्सीने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तेही त्याने खलाशांपासून लपवलं, ते वल्ही टाकून आत लपतील म्हणून. ती सहा जणं वर उचलली जाताना त्याचं नाव घेऊन हाका मारत होती, हे मात्र तो स्वतःच सांगतो, आणि समुद्रावर पाहिलेल्या सगळ्यांत तेच सर्वांत करुण होतं असंही म्हणतो. इथे मला तो आवडतो. पण मृतांवर ठपका ठेवणाऱ्यांनी युरिलोकसचं बोलणंही वाचावं. सर्सीकडे जायला नकार देताना तो तोंडावर सांगतो की पॉलिफीमसच्या गुहेतली माणसं याच्या अविचाराने मेली. प्रस्तावनेत खलाशांवर ठेवलेला आरोप इथे कप्तानावर उलटतो. ओडिसियसची प्रतिक्रिया काय? नात्यातला माणूस असूनही याचं मुंडकं उडवावं, असं त्याच्या मनात येतं. बाकीचे मध्ये पडले म्हणून युरिलोकस वाचला.

आता एक गोष्ट त्या मजकुरात मुळीच नाही. ही सगळी साहसं आपल्याला सांगतो कोण? चोवीस सर्गांपैकी नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे हे चार सर्ग ओडिसियस स्वतः फायेशियन लोकांच्या राजवाड्यात, जेवणानंतर, घरी पोचवायला जहाज मिळण्याची वाट बघत सांगतो. पाताळातल्या मृतांची कथा रंगात आली असताना तो थांबतो, म्हणतो आता झोपायची वेळ झाली. राणी म्हणते, पाहुण्याला आणखी भेटी द्या. हा म्हणतो, भेटी मिळणार असतील तर वर्षभरसुद्धा थांबेन! राजा अल्किनस प्रशस्तिपत्र देतो की तू काही थापाड्यांसारखा वाटत नाहीस, गायकाच्या हातोटीने सांगतोस. हे अकराव्या सर्गात. तेराव्या सर्गात इथाकावर पाय ठेवल्या ठेवल्या हा समोरच्या मेंढपाळ पोराला थाप मारतो की मी क्रीटचा, खून करून पळालोय. पोरगा म्हणजे वेष पालटलेली अथीना. ती हसते आणि खूश होते. पुढे डुकरं राखणारा युमेयस, स्वतःची बायको, म्हातारा बाप, प्रत्येकाला वेगळी बनावट कहाणी मिळते.

म्हणून राक्षस खोटे असं मी म्हणत नाही. पॉलिफीमसचा डोळा फोडल्याचं पहिल्याच सर्गात झ्यूस बोलतो. पण कवीने साहसांचा मोठा भाग अशा माणसाच्या तोंडी घातला आहे जो गरज पडली की उत्तम खोटं बोलतो, आणि हे अपघाताने झालेलं नाही. गुरं मारल्यावर सूर्यदेव आणि झ्यूस यांच्यात झालेला संवाद ओडिसियसला कसा कळला, याचाही खुलासा तो करतो: कॅलिप्सोने सांगितला, तिला देवांचा दूत हर्मीस याने. ऐकीव गोष्टीचा उगम असा पदरी ठेवून बोलणारा कथेकरी श्रोत्यांच्या शंका ओळखून असतो.

पेनेलोपी रडते, भरपूर रडते. पण लग्नासाठी मागे लागलेले १०८ तरुण तिच्या घरात ठाण मांडून खाताहेत, मुलगा विशीचा, सासरा गावाबाहेर मळ्यात, आणि तिच्याकडे सैन्य नाही. सासऱ्यासाठी कफन विणते आहे, झालं की लग्न करीन असं सांगून दिवसा विणायचं आणि रात्री मशालीच्या उजेडात उसवायचं, हे तिने तीन वर्षं चालवलं. दासी फुटली म्हणून चौथ्या वर्षी पकडली गेली. अठराव्या सर्गात ती त्याच तरुणांकडून भेटवस्तू काढून घेते, आणि भिकाऱ्याच्या वेषात बसलेला नवरा मनातल्या मनात खूश होतो. नवऱ्याचं धनुष्य चढवून कुऱ्हाडींमधून बाण सोडेल त्याच्याशी लग्न, ही अट घालण्याची कल्पनाही तिचीच.

आणि मग तेविसावा सर्ग. त्या तरुणांची कत्तल झाली आहे, ओडिसियस आंघोळ करून समोर बसला आहे, मुलगा आईवर चिडला आहे की तुझं काळीज दगडाचं का. ती दाईला सहज सांगते, यांचा पलंग खोलीबाहेर काढ आणि त्यावर अंथरूण घाल. झालं! ओडिसियस भडकतो. पलंग हलवला कुणी? त्याचा एक खूर म्हणजे जमिनीत मुळं असलेलं जिवंत ऑलिव्हचं खोड, भोवती मी स्वतः खोली बांधली, तो हलेल कसा? त्याला थापांचा बादशहा समजणाऱ्यांनी इथे थांबावं, कारण इथे तो साफ फसतो आणि म्हणूनच ओळखला जातो. पुढच्या ओळींत होमर म्हणतो की जहाज फुटलेल्या, खाऱ्या पाण्याने माखलेल्या पोहणाऱ्यांना जमीन दिसावी, तसा तिला नवरा दिसला. समुद्रात बुडता बुडता वाचण्याची उपमा इथे तिला मिळते.

"सुखाने नांदू लागली" या शेवटाला मात्र जुना आधार आहे. प्राचीन अलेक्झांड्रियाचे पंडित अ‍ॅरिस्टोफेनीस आणि अ‍ॅरिस्टार्कस काव्याचा शेवट तेविसाव्या सर्गात, दोघं शय्येकडे जातात तिथेच मानत. आपल्या हाती असलेलं काव्य तिथे थांबत नाही. शय्येकडे जाण्याआधीच ओडिसियसला सांगावं लागतं की अजून एक प्रवास बाकी आहे: खांद्यावर वल्हं घेऊन इतकं आत जायचं की समुद्र न पाहिलेला कुणी तरी त्याला धान्य उफणायचं फावडं म्हणेल, आणि तिथे पोसायडनला बळी द्यायचा. घरातल्या बारा दासींना मुलगा टेलेमॅकस याने फासावर लटकवलं आहे. दुसऱ्या दिवशी, मारल्या गेलेल्या तरुणांचे बाप आणि भाऊ शस्त्रं घेऊन येतात. त्यांच्यातला युपिथीस सभेत जे म्हणतो त्यात चूक काढणं अवघड आहे: या माणसाने आमची जहाजं नेली आणि बुडवली, माणसं नेली आणि मारली, आणि परत येऊन उरलेल्यांतले उत्तमही कापले. म्हातारा लेआर्टीस भाल्याने त्याला ठार करतो आणि लढाई पेटते. ती अथीनेने थांबवली, झ्यूसची वीज पडल्यावर. माणसांचं आपसांत काहीच मिटलेलं नव्हतं.

राहता राहिलं रामायण. साम्य दाखवतात ते धनुष्याचं. रामाचं धनुष्य लग्नाआधीचं आणि ते मोडतं. ओडिसियस लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाल्यावर स्वतःचंच जुनं धनुष्य बसल्या जागी, गायकाने वाद्याला तार चढवावी तसं सहज चढवतो आणि बारा कुऱ्हाडींमधून बाण सोडतो. पेनेलोपीला कुणी पळवून नेलेलं नाही. पळवलेली ती हेलन, जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं, ती दुसऱ्याच कथेतली, आणि चौथ्या सर्गात ती स्पार्टात नवऱ्याशेजारी बसून आरामात पाहुणचार करते आहे. परीक्षेचं म्हणाल तर इथे ती बायकोने नवऱ्याची घेतली.

शिवाय हा वाद जुना आहे आणि मुंबईत लढून झालेला आहे, फक्त उलट्या दिशेने. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने मांडलं होतं की सीताहरण आणि धनुष्य या गोष्टी रामायणात होमरवरून आल्या असाव्यात. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले ते, तेव्हा ऐन तेविशीतले. त्यांनी १८७३ साली इंग्रजीत पुस्तिका काढून वेबरला उत्तर दिलं. रामायणाच्या काळाचे पुरावे तपासले आणि अशा वरवरच्या सारखेपणावरून उसनवारी सिद्ध होत नाही, हे दाखवलं. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी वेबरचाच युक्तिवाद उचलला आहे, नावांची अदलाबदल करून. तेलंगांचं उत्तर त्यांनाही जसंच्या तसं लागू पडतं.