डोळा लागताना बसणारा झटका आणि तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात मावशीकडे राहायला होतो. रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर ती पलंगावर ताठ बसलेली. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं, ओठ हलताहेत. नाडी मोजत होती.

"झोपली नाहीस अजून?"

"झोपले की बंद पडतं म्हणे."

काय बंद पडतं, तर हृदय. उशीखालून तिनं मोबाइल काढून दाखवला. त्याच उशीखाली मॅग्नेशियमच्या गोळ्यांची स्ट्रिप होती, सुदैवानं अजून न फोडलेली. मावशीला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, त्यामुळे ती स्ट्रिप बघून माझी झोप उडाली.

मेसेज बहुतेकांकडे येऊन गेला असेल. डोळा लागताना अंगाला झटका बसतो त्याबद्दल आहे. सारांश असा: त्या क्षणी हृदय थांबलेलं असतं आणि मेंदू झटका देऊन ते परत सुरू करतो. हा अर्धांगवायूचा पहिला इशारा आहे. कारण एकच, मॅग्नेशियम-पोटॅशियमची कमतरता, म्हणून झोपताना मॅग्नेशियमच्या दोन गोळ्या घ्या आणि साध्या मिठाऐवजी पोटॅशियमचं मीठ वापरा. रात्रीची औषधं बंद करा, झटके त्यांच्यामुळेच येतात. डाव्या कुशीवर झोपा. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

आधी हृदय. हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्या पेशींच्या एका पुंजक्यातून सुरू होतात. मेंदू वेग कमीजास्त करतो, पण किल्ली त्याच्याकडे नाही. प्रत्यारोपण करताना हृदयाच्या मेंदूकडून येणाऱ्या नसा कापल्या जातात, तरी ते नव्या छातीत धडधडतंच. मग पाय उडवून ते सुरू करायची भानगड कशाला? झोप येताना ठोके मंदावतात, ते सगळ्यांचेच. झटक्यानंतर छाती धडधडते ती दचकल्यामुळे. मेसेजवाल्यानं आधीचं नंतर आणि नंतरचं आधी केलंय.

या झटक्यांना वैद्यकात नाव आहे, हिप्निक जर्क. जाग आणि झोप यांच्या सीमेवर स्नायू एकदम आकसतात. कुणाला पायरी चुकल्यासारखं वाटतं, कुणाला उंचावरून पडल्यासारखं, कुणाला डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश दिसतो. नेमकं का होतं याचं पक्कं उत्तर अजून नाही, पण हे काही काल सापडलेलं नाही. इयान ऑस्वाल्ड यांचा याच विषयावरचा निबंध 'ब्रेन' या नियतकालिकात 1959 साली छापून आलाय. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचं झोपेच्या विकारांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्याच्या 2014 च्या तिसऱ्या आवृत्तीत हे झटके आजारांत धरलेले नाहीत, 'सामान्य प्रकारां'त टाकलेत. 60 ते 70 टक्के लोकांना ते कधी ना कधी येतात, असंही तिथे म्हटलंय. एवढ्या सगळ्यांची हृदयं अशी बंद पडून चालू होत असती तर मेसेज पाठवायला दहा जण उरले नसते.

अर्धांगवायूचं एका ओळीत सांगतो. त्यात तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं, आणि हे जागेपणीही दिसतं. झोपताना क्षणभर पाय उडून पुन्हा ठीक होणं म्हणजे ते नव्हे. डाव्या कुशीवर झोपायचं तर खुशाल झोपा.

आता ती स्ट्रिप. मॅग्नेशियम फार कमी झालं तर स्नायू फडफडतात, पेटके येतात, हे खरं. पण ते कमी आहे हे रक्ततपासणीवरून कळतं, मोबाइलवरून नाही. जास्तीचं मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं. ती थकलेली असतील तर दोन्ही रक्तात साठतात. मॅग्नेशियम वाढलं की स्नायू ढिले पडतात, रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. पोटॅशियम वाढलेलं पुष्कळदा कळतही नाही आणि हृदयाची लय बिघडते, अगदी थांबण्यापर्यंत. म्हणजे हृदय थांबू नये म्हणून सांगितलेल्या उपायानं ते खरोखर थांबू शकतं. मावशीला पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, ती भाज्यासुद्धा त्या हिशेबानं खाते. आणि कुणा अनोळखी माणसानं तिला पोटॅशियमचं मीठ सुचवलंय! हे लिहिताना अजून हात थरथरतोय.

औषधांबद्दल मात्र, जिवावर येतंय पण, अर्धं खरं आहे. काही औषधांनी झटके वाढतात: नैराश्यावरच्या काही गोळ्या, अफूवर्गातली वेदनाशामकं, नसांच्या दुखण्यावरची गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन. शेवटची दोन तर मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतात, तेव्हा मूत्रपिंडं मंद असतील आणि डोस नेहमीचाच असेल तर ती अंगात साठतात आणि झटके येतात. पण म्हणून एका रात्रीत बंद करायची? गाबापेंटिन एकदम सोडली तर घाम, अस्वस्थपणा, झोप पार उडणं, आणि आकडीचा त्रास असलेल्यांना आकडी. नैराश्यावरची गोळी तोडली तर त्याचा वेगळाच भोग. बंद करायचं की कमी करायचं, ते ज्यांनी लिहून दिलंय त्यांनी ठरवायचं.

मावशी पायांच्या जळजळीसाठी गाबापेंटिन घेते. सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ताज्या तपासण्या मागवल्या, क्रिएटिनीन (मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं, डोस कमी केला. झटके कमी झालेत, गेलेले नाहीत.

ते जाणारही नाहीत कदाचित. जुनं दुखणं, तुटकी झोप, दिवसभराचा थकवा, काळजी, उशिरा घेतलेली कॉफी, या सगळ्यानं झटके वाढतात. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. झटक्याच्या भीतीनं माणूस जागा राहतो, जागरणानं थकतो, थकल्यानं झटके वाढतात, आणि मग मेसेज खरा वाटू लागतो. मावशी चार रात्री हेच करत होती. आता झटका बसला की नाडी मोजायची नाही, दिवा लावायचा नाही, मोबाइल बघायचा नाही. कूस बदलायची आणि श्वास सावकाश सोडायचा. कॉफी दुपारनंतर बंद. पहिल्या रात्री ती म्हणाली, "मोजलं नाही तर झोप लागेना." तिसऱ्या रात्री घोरत होती.

पण सगळेच झटके असे सोडून द्यायचे नसतात. जागेपणी हात-पाय उडत असतील, हातातला कप सुटत असेल, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ असेल, जीभ चावली जात असेल, नवं औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर झटके सुरू झाले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर दोनदा विचार करू नका. पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही आणि हलवले की बरं वाटतं, हा निराळा त्रास. मूत्रपिंडाच्या रुग्णांत तो पुष्कळ आढळतो, लोह कमी असण्याशीही त्याचा संबंध असतो आणि त्यावर उपचार आहेत. नेमकं काय होतंय ते सांगता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. मी मावशीचा काढला होता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला, मग जागेपणीही हात उडतात का ते बघायला तिला पंजे वर करून दोन्ही हात पुढे ताणून धरायला सांगितले. हात स्थिर होते. "हे झोप येतानाचेच झटके आहेत," ते म्हणाले.

स्ट्रिप मी बरोबर घेऊन आलोय.